गडवाभर पाणी

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी शेजारचे काकाजी ओसरीवर आले आणि बसायच्या आधी त्यांनी हातातला पितळी गडवा पायरीवर ठेवला. एरवी ते आले की आधी पावसाचं बोलणं होतं, मग आईची चौकशी, मग खिशातून चुन्याची डबी निघते. त्या दिवशी यातलं काहीच नाही. "पाहून घ्या, भाऊ," एवढंच म्हणाले. मला वाटलं, दूध आणलं असेल. वाकून पाहिलं तर पाणी होतं, आणि रंग थेट आईच्या चहाचा. काकाजींनी गडवा तिरपा केला, पाणी हळूहळू अंगणात सोडलं, आणि तळाशी उरलेला पिवळसर गाळ बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. मैद्यासारखा मऊ. "पारीच्या खालून येते. परवापर्यंत निवळ होतं." गल्लीत पोरं लाकडी नंदी ओढत होती, चाकांचा खडखडाट चालला होता, आणि मी त्या बोटाकडे बघत होतो. मला कळलं होतं. कळलं नसल्याचं सोंग मी दोन-तीन मिनिटं तरी केलं असेल.

आमच्याकडे ळ चा र होतो, म्हणून पाळीची पार. साकोलीच्या पुढं, भंडारा-गोंदियाच्या सीमेलगत आमची जी काही शेती आहे, तिच्या डोक्यावर एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं. तलाव म्हणावं इतकं मोठं नाही आणि खड्डा म्हणावं इतकं गरीबही नाही. तिन्ही बाजूंनी जमीन आपसूक उतरत येते आणि चौथ्या बाजूला माणसानं मातीची पाळ घातलेली असते. आमची पाळ लांबीला सहाशे फूट, मध्यभागी उंची बारा फूट. भरली की तीन एकरांवर पाणी पसरतं. आजोबांच्या आजोबांनी घातली असं घरात सांगतात, आणि प्रत्येक घरात तसंच सांगतात. माती थरावर थर टाकायची, पाणी शिंपायचं, बैल फिरवायचे, त्यांच्या खुरांनी ती दबली की पुढचा थर. या भागात कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून असे तलाव बांधले, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. नवेगाव बांध बांधणाऱ्या कोलू पाटलाचा तर पुढे कोलासूर देव झाला. आमच्या पूर्वजाचा देव झाला नाही. त्याचं नावसुद्धा कुणाला धड आठवत नाही. पण सातबाऱ्यावर बोडी आमच्या नावावर आहे, आणि लहानपणी या गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा. वर्गात एकाच्या घरी ट्रॅक्टर होता, एकाच्या घरी टीव्ही. माझ्याकडे धरण होतं.

या बोडीचं काम काय, असं कुणी विचारलं तर नागपूरच्या ऑफिसात बसून मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, सिंचन. खरं पाहिलं तर वर्षातले दहा-अकरा महिने ती काहीच करत नाही. म्हशी डुंबतात, ढिवराची पोरं गळ टाकतात, काठाला बेशरमाची झुडपं माजतात. धानाला लागणारं बहुतेक पाणी आभाळच देतं. फक्त एक आठवडा असा येतो, कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरात, की रोवणी होऊन गेलेली असते, धान पोटरीत असतो, आणि पाऊस दडी मारतो. बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या खाचरांतलं, पाणी आटतं, मग चिखल वाळतो, मग भेगा पडतात. आधी केसासारख्या, चौथ्या दिवशी बोट जाईल एवढ्या. त्या आठवड्यात एकरामागे तीन इंच पाणी मिळालं की धान निसवतो. नाही मिळालं तर लोंब्या निघतात, पण पोचट. एकरभर जमिनीवर तीन इंच म्हणजे साधारण ३ लाख लिटर. हिशेब करायला सोपा आहे, पण तेवढं पाणी ऐनवेळी, डोक्यावर, विजेशिवाय उभं असणं म्हणजे काय ते त्या आठवड्यातच कळतं. बाबा तुडुमाचं, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या तोंडाचं, लाकडी बूच काढायचे. आधी आतून एक ढेकर यायची, मग पाटात पाणी यायचं, त्याच्या तोंडाशी काड्या, फेस, एखादा बुडालेला कोळी. ते पाणी भेगांत शिरताना चिरचिर असा आवाज होतो. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा नाही, त्याहून खूप हलका. कान खाली नेला तरच ऐकू येतो. मी तो ऐकलाय.

आता पाझराचं. मातीची पाळ पाझरतेच. कुठलीही. एवढं पाणी एका बाजूला उभं आहे आणि दुसऱ्या बाजूला कोरडं रान आहे, तर मातीच्या कणाकणांतून वाट काढत थोडं पाणी पलीकडे निघणारच. आमच्या पाळीखाली पूर्वेकडच्या अंगाला बारा महिने ओल असायची. तिथं भर उन्हाळ्यातही हिरवळ, बेडूक, आणि एक बारीक धार. ती धार धुऱ्याला लागून काकाजींच्या वावरात जायची, तिथं जिरायची. त्यांची विहीर तिथून शंभर पावलांवर. त्या विहिरीला मे महिन्यात चार हात दोर पुरायचा. त्यांच्या दोन एकरांना बोडीचं ओलीत नाही, कधीच नव्हतं. तुडुमाचा पाट आमच्याच बांध्यांत उतरतो. पण त्यांच्या विहिरीत आमचीच बोडी होती. हे त्यांना माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि यावर दोघांत कधी एक शब्द झाला असेल असं मला वाटत नाही.

झाला तो माझ्यामुळे.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात मी दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो होतो. नव्या मालकाचा उत्साह होता अंगात. पाझराच्या धारेखाली पंधरा लिटरची बादली लावली आणि मोबाईलवर वेळ मोजली. वीस सेकंदांत बादली भरली. म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. दिवसाला जवळजवळ ६५ हजार. महिन्याला १९ लाखांच्या वर. मी तिथंच उकिडवा बसून भागाकार केला: सहा एकरांचं एक ओलीत दर महिन्याला काकाजींच्या विहिरीत जात होतं. आमची सगळी मिळून जमीन नऊ एकर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या बाबाला भागाकार येत नव्हता असं वाटतं का तुला?" मी गप्प बसलो, पण तो आकडा डोक्यात राहिला. पुढे दोन वर्षं काकाजी भेटले की त्यांच्याशी बोलताना माझ्या मनात कुठंतरी ती बादली भरत असायची. त्यांना ते जाणवलं असेल का? बहुधा असेल. माणसं ओल ओळखतात.

तर त्या वर्षी ऑगस्टात अठरा दिवस पाऊस नव्हता. बोडी अर्धी झाली. मग पाऊस परतला आणि तीन दिवसांत ती सलंगीला लागली. सलंग म्हणजे पाळीच्या टोकाला, मूळ जमिनीवर, दगडांनी बांधलेली सखल जागा. जास्तीचं पाणी तिथून वाहून जातं. सलंग वाहायला लागली की गावात सगळ्यांना बरं वाटतं. मला मात्र नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर वाटलं, हे पाणी चाललं वाया. अठरा दिवसांची धास्ती ताजी होती. मी धाकट्या भावाला फोन केला आणि म्हणालो, सलंगीवर रेतीच्या चुंगड्या, म्हणजे पोती, टाक, फूटभर उंच कर. तो म्हणाला, "बाबा टाकू देत नव्हते." मी म्हणालो, बाबांच्या वेळी पाऊस असा वागत नव्हता. वाक्य सुरेख होतं. मी तेव्हा खूश झालो होतो त्याच्यावर. भावानं वीस चुंगड्या टाकल्या. आणि ज्या ढिवराला आम्ही मासोळीसाठी बोडी देतो, त्यानं रोहू-कतला पळून जाऊ नयेत म्हणून चुंगड्यांच्या मागे जाळंही ताणलं. त्याचं काही चुकलं नाही. त्यानं बीज विकत आणून सोडलं होतं. चौथ्या दिवशी पोळा. पाचव्या दिवशी तो गडवा.

काकाजींबरोबर मी पाळीखाली गेलो तेव्हा उभं राहून काही दिसेना. गवतात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. त्यांनी एका जागी गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. तिथं ताटलीएवढा एक खळगा होता आणि त्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. गार, पण उकळल्यासारखं. भोवती बारीक मातीचं कडं तयार झालेलं, मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाशी असतं तसं. मी त्यात बोट घातलं. बोटाला पाणी ढकलत होतं, आणि त्यात कण होते, दातांखाली आलेल्या कचेसारखे. निवळ पाझर म्हणजे नुसतं पाणी निघतंय. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर पाळही निघते आहे. आत बारीक बीळ तयार होतं, माती वाहते तसं ते मोठं होतं, मोठं झालं की पाणी जोरानं वाहतं, जोरानं वाहिलं की आणखी माती नेतं. पाळीच्या माथ्यावर यातलं काहीही दिसत नाही. माथ्यावर त्या सकाळी भावाचा मुलगा सायकल चालवत होता.

"खेकड्यानं केलं असन," मागून आलेला कुणीतरी म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. २०१९ च्या जुलैत कोकणातलं तिवरे धरण फुटलं, रात्रीतून माणसं वाहून गेली, आणि मग खापर खेकड्यांवर फुटलं. तेव्हापासून खेकडा म्हटलं की हसू येतं. हसण्यासारखं त्यात काही नाही. खेकडे पाळीत बिळं करतातच, उंदीर-घुशीही करतात. दरवर्षी पाळीवरून चालत जाऊन ती बिळं शोधायची आणि चिकणमाती ठासून बुजवायची हे पाळ असणाऱ्याचं काम आहे, खेकड्याचं नाही. पण आमच्या पाळीला खेकड्यानं काही केलं नव्हतं. काकाजी वर बघत होते. मी त्यांच्या नजरेमागं गेलो. खळग्याच्या नेमका वर, पाळीच्या उतारावर, करंजीचा बुंधा होता. ती करंजी सात वर्षांपूर्वी मी तोडायला लावली होती, पाळीवर झाड नको असं कुठंतरी वाचून. वाचलं ते बरोबरच होतं. पण मुळं आतच राहिली. झाड जिवंत असेतो मुळं मातीला घट्ट असतात. झाड मेलं की ती सडतात, आणि सडलेल्या मुळाच्या जागी मुळाएवढीच पोकळ नळी उरते. सात वर्षं ती नळी पाण्याच्या पातळीच्या वर कोरडी पडून होती. मग मी पाणी फूटभर वर उचललं.

नात्यात एक निवृत्त ओव्हरसियर आहेत. त्यांना फोन लावला. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, सलंग मोकळी आहे का? मी चुंगड्यांचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. सलंग आत्ताच्या आत्ता मोकळी करा. तुडुम पूर्ण उघडा. आणि खालच्या तोंडावर चिखल थापून ते बंद करायला जाऊ नका. बंद केलंत तर पाणी थांबणार नाही, दुसरीकडून फुटेल, आणि कुठून ते तुम्हाला दिसणार नाही. पाणी येऊ द्या, माती अडवा. आधी रेती घाला, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी. चहाच्या गाळणीसारखं. त्यांना माझ्या आईच्या चहाचं काही ठाऊक नव्हतं.

मग आम्ही सलंगीवरच्या चुंगड्या उचलल्या. भिजलेली एक चुंगडी दोन माणसांना भारी होते. जाळं काढलं तेव्हा ढिवराचा चेहरा बघवत नव्हता; कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो हातांनी मासे परत आत लोटत होता, आणि जेवढे लोटत होता त्याच्या दुप्पट त्याच्या पायांमधून निसटत होते. चुंगड्या निघाल्या तसा सलंगीचा आवाज बदलला. आधी नळासारखा होता, मग घसा साफ केल्यासारखा झाला, मग नुसती घरघर. त्याच चुंगड्या पाळीखाली वाहून नेल्या, फोडल्या, आणि त्यातली रेती त्या उकळत्या खळग्यावर ओतली. रस्त्याच्या कामाची गिट्टी कुठून तरी आली. कुठून ते मी विचारलं नाही. दुपारी तीनपर्यंत पाणी गिट्टीतून येत होतं, पण निवळ. काकाजी दर अर्ध्या तासानं ओंजळीत घेऊन बघत होते. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि रात्री जो पाऊस कोसळला तो मी ओसरीवर बसून ऐकला. बोडीकडे पन्नास एकरांचं रान उतरतं. तेवढ्या रानावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २ कोटी लिटर; त्यातलं निम्मं जिरलं तरी उरलेल्यात आमची अर्धी बोडी भरते. तेवढं सगळं रातोरात सलंगीतून जायचं असतं. आणि सलंगीवरच्या पाण्याचा थर अर्धा केला की वाहून जाणारं पाणी अर्धं होत नाही, जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. मी एका फोनवर तिची दोन तृतीयांश वाट बुजवली असती, आणि पाळीच्या माथ्यावरून पाणी गेलं की मातीच्या पाळीचं काय होतं ते सांगायला ओव्हरसियर लागत नाही.

पुढे कितीतरी दिवस रात्री जाग आली की मी मोबाईलवर फुटलेल्या धरणांबद्दल वाचत बसायचो. वाईट सवय. त्यात अमेरिकेतल्या जॉन्सटाऊनचं सापडलं. डोंगरात मातीचं धरण, उंची ७२ फूट, मालकी श्रीमंतांच्या एका मासेमारी क्लबाची. घोडागाडी जावी म्हणून त्यांनी पाळीचा माथा थोडा उतरवून रुंद केला. खालून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. आणि विकत आणून सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात जाळ्या कचऱ्यानं तुंबल्या, धरण फुटलं, २,२०९ माणसं गेली. जाळ्यांपाशी येऊन मी थांबलो आणि फोन पालथा ठेवला. आमच्याकडे माणसं गेली नसती, असं मी स्वतःला सांगत होतो. आमची बोडी केवढीशी. देशात २०२१ ला धरण सुरक्षा कायदा आला, तो दहा मीटरच्या आतल्या पाळीकडे बघतसुद्धा नाही. आमची पाळ चार मीटरचीही नाही. कुणी तपासायला येणार नाही, कुणी वही मागणार नाही. पण पाळीखाली पहिलं घर काकाजींचं आहे, आणि त्यात त्यांची सून गरोदर होती.

चुलतभाऊ वकील आहे. त्याला सहज म्हणून विचारलं, फुटली असती तर? तो खुलला. म्हणाला, १८६८ चा इंग्लंडचा निकाल आहे: एका गिरणीवाल्यानं आपल्या जागेत तळं बांधलं, पाणी जुन्या खाणीच्या भुयारांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. घातक होऊ शकेल अशी गोष्ट आपल्या जमिनीत आणून साठवलीस, तर ती सुटून जे होईल त्याचा धनी तूच, हलगर्जी असो वा नसो. मग तो म्हणाला, पण थांब, आपल्याकडचा त्याच्यापेक्षा मजेदार आहे. मद्रासकडे कारवेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीनं फुटले आणि रेल्वेची लाईन वाहून गेली. रेल्वेनं दावा केला. १८७४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की जमीनदार दोषी नाही. कारण हे तलाव त्यानं हौसेनं साठवलेलं पाणी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावर जगतात, आणि ते राखणं हे त्याचं कर्तव्यच आहे. त्यानं निष्काळजीपणा केल्याचं दिसत नसेल तर नुसतं तलाव फुटला म्हणून त्याला धरता येणार नाही.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला आठवला तो बाबांच्या पेटीतला एक कागद. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि गावोगावचे मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, ते आजचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. त्या कायद्यात एक सवलत होती: ज्या तळ्यावर मालकाशिवाय दुसऱ्या कुणाचाही ओलिताचा हक्क नाही, ते मालकाकडे राहील. आजोबांनी तेच लिहून दिलं होतं. सदर बोडीवर आमचेखेरीज कोणाचाही हक्क नाही. त्या वाक्यावर आमची मालकी उभी आहे. म्हणजे जमीन राखताना आम्ही सांगितलं की हिच्यावर कुणीही अवलंबून नाही, आणि उद्या फुटली असती तर कोर्टात सांगावं लागलं असतं की हिच्यावर किती जण अवलंबून आहेत, म्हणून आम्हाला माफ करा. चुलतभाऊ म्हणाला, दोन्ही एकदम नाही जमणार. आणि निष्काळजीपणाचं काय, असं त्यानं विचारलं नाही. चुंगड्यांचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त छळतं ते हे नाही. काकाजींनी तो गडवा का आणला, हे. नऊ महिने त्या पाझरावर त्यांची विहीर चालते. गढूळ झाला म्हणून ते आमच्याकडे आले तर आम्ही पाळ दुरुस्त करणार, आणि दुरुस्त केली की पाझर बंद होणार, एवढा हिशेब त्यांना त्या सकाळी येत होताच. माझ्या बादलीचा भागाकार त्यांच्या कानावर नक्की गेला होता. गावात असं काही राहत नाही. घर वाचवायला आले म्हणावं तर ते सुनेला घेऊन दोन दिवस मुलीकडे जाऊ शकले असते. मी हे सगळं उलटसुलट करून पाहिलं आहे, आणि दर वेळी मला ते बोट दिसतं, पिवळ्या गाळाचं. त्यावर उपकाराचा भाव नव्हता. मला काही शिकवायचा तर अजिबातच नव्हता. दारचं ढोर सुटलं तर शेजारी सांगायला येतो तसे ते आले होते.

मे महिन्यात बोडी आटल्यावर आम्ही पाळ कापली. जेसीबीनं करंजीचा बुंधा मुळासकट काढला, आणि खरोखरच एक नळी निघाली, मनगटाएवढी, आतून गुळगुळीत, वळणावळणानं थेट पाण्याच्या बाजूला गेलेली. भावाच्या मुलानं तिच्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला. खाली घट्ट जमीन लागेपर्यंत खोदलं, बोडीच्याच तळातली काळी चिकणमाती आणली, अर्ध्या फुटाचे थर टाकले. मातीची ओल बरोबर आहे का हे ओव्हरसियर साहेब मुठीत घेऊन बघत होते: गोळा वळला पाहिजे, पण तळहाताला चिकटता कामा नये. बैलांऐवजी रोलर. काकाजी रोज यायचे, बाभळीच्या सावलीत बसायचे, एकदा म्हणाले, "इथं थोडं पानी कमी पडलं." ओव्हरसियर साहेबांनी मूठ वळून पाहिली आणि टँकरवाल्याला हाक मारली.

पुढच्या पावसाळ्यात बोडी भरली. सलंग बारा दिवस चालली, कुणी हात लावला नाही. मी पाळीखाली गेलो आणि पूर्वेच्या अंगाला पाय ठेवला तर जमीन टणक. चप्पल कोरडी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ६५ हजार लिटर रोजचे. सप्टेंबरात ताण पडला तेव्हा नऊच्या नऊ एकरांना पाणी पुरलं आणि वर उरलं. आईला सांगितलं, ती हूं म्हणाली.

गडवा आमच्याकडेच राहिला होता. आईनं तो चिंचेनं घासून लखलखीत करून ठेवला होता. गळ्याशी काकाजींच्या आईचं नाव कोरलेलं आहे. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून आई दर खेपेला म्हणायची, तांदूळ भरून देऊन ये. आणि मी दर खेपेला पुढच्या खेपेला म्हणायचो. यंदा फेब्रुवारीत शेवटी गेलो. बोडीखालच्या बांधीतला नवा तांदूळ भरला होता. काकाजी विहिरीवर होते. नातू अंगणात रांगत होता. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि ते पाणी शेंदत होते तिकडे बघत राहिलो. बादली खाली जायला फार वेळ लागत होता. जुना सुताचा दोर संपला आणि त्याला जोडलेला निळा नायलॉनचा तुकडा सुरू झाला. जोडाची गाठ चांगली लिंबाएवढी. वर ओढताना ती गाठ गरारीशी आली की दोर अडायचा, मग काकाजी एका हातानं दोर तोलून धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गाठ पलीकडे ढकलायचे.

"सलंग किती दिवस चालली औंदा?" त्यांनी विचारलं.

बारा दिवस, मी सांगितलं.

"बेस," ते म्हणाले, आणि बादली पुन्हा आत सोडली.